ट्रूपर गॅडस्बीची जबानी

१३ फेब्रुवारी २००७, मंगळवार

रिटायर होऊन चार महिने झाले. एकतीस वर्षं लोकांच्या कानात, नाकात आणि घशात डोकावण्यात गेली. आता डोकावायला काही उरलं नाही म्हणून मी उठून उठून फ्रिजमध्ये डोकावतो, असं मधुमतीचं म्हणणं. ती अजून आठवड्यातले तीन दिवस डेंटल प्रॅक्टिसला जाते आणि उरलेल्या चार दिवसांत मी तिच्या पायात पायात येतो. शेवटी तिनेच फॉर्म आणून दिला. नॉटिंगहॅममधल्या एका जुन्या कागदपत्रांच्या संग्रहाला हस्ताक्षरं वाचणारे व्हॉलंटिअर्स हवे आहेत. "डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं ना तुम्हाला? मग हेही येईल," म्हणाली.

आज पहिला दिवस. तिथल्या डोरीनबाई सत्तरीच्या, गळ्यात दोन चष्मे. त्यांनी १६४६ सालच्या जबान्यांचा गठ्ठा समोर ठेवला. इंग्लंडच्या यादवीतला, राजा विरुद्ध पार्लमेंट. अक्षर असं की तीन तासांत अकरा ओळी. आजोबांचे मोडी कागद आठवले. तिथेही लिहिणारा हात उचलायला तयार नसायचा.

खूप दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या वाट्याला आलेला माणूस: थॉमस गॅडस्बी, वय चोवीस, पार्लमेंटच्या घोडदळातला ट्रूपर, म्हणजे साधा स्वार. प्रकरण असं. नेवार्कच्या बाजूला एका छोट्या चकमकीत त्याच्याच गावचा रॉबर्ट पेल मारला गेला. रॉबर्ट राजाच्या बाजूने लढत होता. त्याच्या बापाची पाणचक्की. लढाई संपल्यावर त्या बापाने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार केली, की माझ्या मुलाला कुणी आणि कसं मारलं ते मला कळलं पाहिजे. मॅजिस्ट्रेटने जे जे स्वार तिथे होते त्यांना बोलावलं. त्यांतला एक आपला थॉमस.

मी मराठीत उतरवतोय, म्हणजे मला नीट समजतं:

"त्या सकाळी धुकं इतकं होतं, की मला माझ्या घोडीचे कान दिसत होते आणि त्यापुढे काही नाही. आम्ही साठ स्वार शेंगांच्या शेताच्या कडेला, कुंपणाआड उभे होतो. माझ्याजवळ दोन पिस्तुलं. डावं पावसाने भिजलं होतं आणि चालणार नाही हे मला ठाऊक होतं. आम्हाला हुकूम होता की हॅटमध्ये पांढरा कागद खोवा, म्हणजे आपले कोण ते कळेल. धुक्यात कुणाचाच कागद दिसत नव्हता."

किती सोपं लिहिलंय. घोडीचे कान. हा माणूस मला आवडायला लागलाय.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आमचा मुलगा नकुल घरी आला. आर्मीने मेडिकल लीव्ह दिली आहे, मेडिकल बोर्डाची तपासणी होईपर्यंत. नोव्हेंबरात इराकमधल्या बसऱ्याहून परतला तेव्हापासून कानात शिट्टी वाजते. त्याची रेजिमेंट घोडदळाची. घोडे अर्थात सत्तर वर्षांपूर्वीच गेले, आता टेहळणीच्या चिलखती गाड्या आहेत. पण हे लोक अजून स्वतःला कॅव्हलरीच म्हणवतात. नकुल गाडीवरचा गनर.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, मी स्वतः पाहिला. चार हजार हर्ट्झला ठसठशीत खाच, डावीकडे जास्त. तोफांच्या आवाजाने होतं तसं अगदी पुस्तकी. पण एक गोष्ट बसत नाही. जेवताना मी समोर बसून विचारलं, "तुझ्या गाडीत आणखी कोण असायचं रे?" उत्तर नाही. पुन्हा मोठ्याने विचारलं. "सॉरी बाबा, ऐकू नाही आला," म्हणाला. आणि मधूने मागून पुटपुटत "पोळी?" विचारलं, तर "अर्धं दे" म्हणाला. या खाचेने उंच पट्टीतला, बायकांचा आवाज आधी जायला हवा, पुरुषांचा नव्हे. चमत्कारिक आहे. पुन्हा टेस्ट करायला हवी.

(पोळीला "अर्धं" म्हणतो. सव्वीस वर्षांत पोळीचं लिंग काही त्याला समजलं नाही.)

२७ फेब्रुवारी, मंगळवार

जबानीचं दुसरं पान लागलं. घात झाला.

"मग कर्णा वाजला आणि आम्ही कुंपण ओलांडलं. शेंगांचे वेल घोडीच्या पायात अडकत होते. माझ्या उजव्या हाताचा जॉन पडला. कोण कुणाला मारतंय ते कळत नव्हतं. डावं पिस्तूल चालत नव्हतं. एक स्वार धुक्यातून माझ्याकडे आला. मग रॉबर्ट पेल जमिनीवर होता. मी खाली उतरलो आणि त्याला ओळखलं. त्याने माझ्याकडे पाणी मागितलं. माझ्याकडे पाणी नव्हतं. संध्याकाळी मी डावं पिस्तूल पुसून कोरडं केलं. याहून जास्त मी पाहिलं नाही."

खाली त्याची खूण, सहीऐवजी घोड्याच्या नालासारखी.

"एक स्वार आला" आणि "रॉबर्ट जमिनीवर होता" यांच्या मध्ये काय झालं? बाकी सगळं सांगतो, वेलसुद्धा सांगतो, आणि नेमकं तेच नाही. डोरीनबाईंना विचारलं, तिसरं पान असेल का? म्हणाल्या, दुसऱ्या गठ्ठ्यांत बघते.

दिवसभर डोक्यात तेच.

४ मार्च, रविवार

सकाळी खाली आलो तर नकुल स्वयंपाकघरात बसून माझे कागद वाचत होता, बोटाने एकेक ओळ धरून. मराठी त्याला हळू वाचता येतं, म्हणून मूळ इंग्रजी नक्कलही शेजारी घेतली होती. चहा निवलेला.

"बाबा, सिव्हिल वॉरला मराठीत काय म्हणतात?"

"यादवी."

"म्हणजे?"

मी यादवांची गोष्ट सांगितली. लढाया जिंकून आलेले श्रीकृष्णाचे भाऊबंद समुद्रकाठी जमले, वाद झाला, आणि लव्हाळी उपटून एकमेकांनाच मारत सुटले. शेवटी कुणी राहिलं नाही.

"सगळे कझिन्स?"

"सगळे."

"युनिफॉर्म सेम असणार मग," तो म्हणाला.

असा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. मग तो बराच वेळ बोलला. एवढं तो घरी आल्यापासून बोलला नव्हता. म्हणाला की घोडा असो नाहीतर गाडी, कॅव्हलरीवाला उंचावर बसलेला असतो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं त्याला जास्त दिसतं. प्रत्यक्षात त्याला एक छोटा चौकोन दिसतो. बसऱ्यात त्याच्यासमोर दोन पोलीस ठाणी होती. दोन्हीकडे तोच निळा शर्ट. एका ठाण्याचे पोलीस दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांवर गोळ्या घालायचे. "आमचा काम होता मध्ये उभा राहणं."

मी विचारलं, "मग तुम्हाला कसं कळायचं कोण कोणाचं?"

"सॉरी?" तो म्हणाला.

मी सोडून दिलं. बिचाऱ्याचा कान थकतो.

९ मार्च, शुक्रवार

नकुलला कार्डिफहून पत्र आलं. हे दुसरं. निळा लिफाफा, बायकी वळणाचं अक्षर. मी मधूला म्हटलं, चिरंजीवांचं काहीतरी चाललंय, डॉक्टर असली तर बरं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सिंकमधली भांडी घासायला घेतली. डिशवॉशर रिकामा असताना.

१७ मार्च, शनिवार

आज शेत पाहून आलो. जबानीतल्या गावाचं नाव बदललेलं नाही, चर्च आहे, ओढा आहे, आणि पाणचक्कीच्या जागी आता कुणीतरी कुत्र्यांचं पाळणाघर चालवतं. शेतकऱ्याला फोन करून परवानगी घेतली होती. तो म्हणाला, बघा की, तिथे काहीच नाही.

गाडी मी चालवली. नकुल हल्ली चालवत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या पादचारी पुलाखालून गेलो की तो मान खाली घालतो, अगदी थोडी, आणि पूल गेला की वर करतो. सात पूल लागले, सातही वेळा. अंतर्कर्णाचा तोलाचा भाग असावा. बोर्डाच्या पत्रात हे लिहायला हवं.

शेतात गहू बोटभर आलेला. मी चौकोनी कागदावर नकाशा काढून नेला होता: कुंपण इथे, ओढा तिथे, साठ स्वार एका रांगेत. नकुल कुंपणाच्या कडेने चालत गेला आणि एका जागी थांबला.

"इथे," म्हणाला.

"कशावरून?"

"मागे ओढा आहे. घोडी मागे जाणार नाही, आणि आवाज समोरूनच येणार. मी असतो तर इथे असतो." मग दोन्ही हात कमरेला लावले, जिथे पिस्तुलं असतील तिथे. "बाबा, त्याने डावा पिस्तूल किती वेळा सांगितला?"

मी कागद पाहिला. तीनदा.

"डावा भिजला. डावा चालत नव्हता. संध्याकाळी डावा पुसला. उजवा कुठे आहे?"

मी पुन्हा वाचलं. उजव्या हाताचा जॉन आहे, उजवं पिस्तूल नाही. आरंभी दोन आहेत असं सांगतो आणि मग एकाविषयीच बोलतो.

"उजवा चालला," नकुल म्हणाला. "एकदा. त्यानेच मारलं रॉबर्टला."

मी टाळी वाजवली. अक्षरशः शेताच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. साडेतीनशे वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही ते माझ्या मुलाने गव्हात उभं राहून पाच मिनिटांत सांगितलं. मी म्हटलं, "अरे, तू इतिहास शिकायला हवास. ओपन युनिव्हर्सिटी आहे, आर्मीत राहूनही करता येईल."

त्याने हात कमरेवरून खाली घेतले. मी विचारलं, "पण मग लपवलं का? लढाईच होती ती. कुणी फाशी थोडंच दिलं असतं?"

"लपवलं नाही. त्यांनी विचारलं, तू काय पाहिलंस. तू काय केलंस असं नाही विचारलं." मग म्हणाला, "आणि त्याचा सार्जंट असेल ना. सार्जंट म्हणाला असेल, धुकं होतं, सोड."

"हे सगळं तुझ्या मनाचं. कागदात सार्जंट कुठेच नाही."

"नाही," तो म्हणाला. "कागदात नसतो तो."

परत येताना तो झोपला. मी फार खुशीत होतो.

१८ मार्च, रविवार

मधूला शेतातलं सगळं सांगितलं. मला वाटलं तिला अभिमान वाटेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही टाळी वाजवलीत?"

"हो. का?"

"काही नाही."

"अगं, बोल की."

"तो त्या थॉमसविषयी बोलत नसेल, असं तुमच्या मनात एकदाही आलं नाही?"

मी म्हटलं, तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत भावना दिसते. त्याने पुरावा तपासला. पुरावा पिस्तुलाचा आहे. ती म्हणाली, "असेल," आणि वर गेली. ती "असेल" म्हणते तेव्हा संपलेलं असतं.

२७ मार्च, मंगळवार

तिसरं पान नाही. डोरीनबाईंनी चारही गठ्ठे पाहिले. रॉबर्टच्या बापाने पुढे काय केलं त्याचीही नोंद नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर परचुरे, बऱ्याचदा पान हरवलेलं नसतं. लिहिलेलंच नसतं."

घरी येऊन नकुलला सांगितलं. मला वाटलं तो हिरमुसेल. त्याने विचारलं, "रॉबर्टचा बाप कधीपर्यंत जगला?"

चर्चच्या दफननोंदीत ते होतं, मी उतरवून आणलं होतं. १६७१.

"ट्वेंटी-फाइव्ह इयर्स," नकुल म्हणाला. "एकाच गावात."

मग बागेत गेला आणि कुंपणाशी उभा राहिला. पाऊस होता, तरी आत आला नाही. मी छत्री घेऊन जाणार होतो. मधूने हात धरला आणि स्वतः गेली. खिडकीतून पाहिलं. ती नुसती त्याच्या शेजारी भिजत उभी होती.

मला आता वाटू लागलंय की माझं काहीतरी चुकतंय. काय ते मला नीट सांगता येत नाही. पेशंट समोर असताना रिपोर्टच वाचत बसलो की असं वाटायचं.

५ एप्रिल, गुरुवार

तिसरं निळं पत्र. नकुलने ते जिन्यात उभ्याउभ्याच वाचलं. मग माझ्या खोलीच्या दारात आला.

"बाबा, मला कार्डिफला सोडाल? शनिवारी. ट्रेनने मी जाणार नाही. स्टेशनवरून मी परत येईन, मला माहीत आहे."

मी विचारलं, कोण आहे तिथे?

या वेळी त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं. "सारा. हैदरचा बहीण. हैदर आमचा इंटरप्रिटर होता."

"होता?"

"हो."

७ एप्रिल, शनिवार

आजचं मला नीट लिहून काढायचं आहे. क्रमाने लिहितो.

नऊला निघालो. मधूने डब्यात पराठे दिले आणि नकुलच्या गालावरून हात फिरवला. ती आली नाही. "गाडीत तिघं असलो की तो बोलणार नाही," म्हणाली. बर्मिंगहॅमपर्यंत आम्ही रेडिओ ऐकत होतो. मग त्यानेच बंद केला. एम-फाइव्हवर म्हणाला, "बाबा, थांबूया कुठेतरी. तुम्ही चालवत असताना नको."

मोटरवेवरच्या थांब्याच्या, सर्व्हिसेसच्या, कार पार्कमध्ये गाडी लावली. ईस्टरची गर्दी, समोरच्या गाडीच्या छतावर सायकली. तो समोर पाहत बोलला. अधूनमधून इंग्रजीत, पण बरंचसं मराठीत. मला वाटतं मराठीत ते शब्द त्याला थोडे परके असल्यामुळे सोपं जात असावं.

सप्टेंबरची गोष्ट. दोन ठाण्यांमध्ये गोळीबार सुरू झाला तेव्हा त्यांची गाडी रस्त्यात मधोमध होती. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांत माणसं. हैदर म्हणाला, मी उतरतो, त्यांना सांगतो शटर ओढून मागच्या बाजूने निघा. सार्जंटने होकार दिला. हैदर तेवीस वर्षांचा, बसऱ्याचाच. गल्लीत कुणी ओळखलं तर घरच्यांना मारतील म्हणून सगळे इंटरप्रिटर करतात तसं तोही बाहेर पडताना चेहऱ्याला फडकं गुंडाळायचा. त्या दिवशीही गुंडाळलं. रस्त्याच्या टोकाला टायर पेटवले होते, धूर आला. नकुल गनच्या दुर्बिणीत. त्याला चौकोन दिसत होता आणि चौकोनात धूर.

"धुरातून एक माणूस धावत आला. आमच्याकडे. तोंडाला फडका. हातात काहीतरी काळं. तीन सेकंद, बाबा. मी मोजले आहेत नंतर, खूप वेळा. तीन."

हातात त्याचा रेडिओ होता.

"तो मेला तेव्हा मी त्याच्याजवळ होतो. मी उतरलो. सार्जंटने ओढला मला, तरी उतरलो. नंतर साहेबांनी विचारलं, काय पाहिलंस. मी सांगितलं, धूर होता, मग हैदर खाली होता. सार्जंट म्हणाला, दोन्ही बाजूंनी गोळ्या चालल्या होत्या, कुणाची लागली देवाला ठाऊक. पण त्याला ठाऊक होतं. मलापण. रिपोर्टमध्ये क्रॉसफायर लिहिलं."

हैदरच्या बहिणीला त्याने नोव्हेंबरात सांत्वनाचं पत्र लिहिलं. हैदरने त्याला अरबीत शंभरपर्यंत आकडे शिकवले होते, एवढंच त्यात लिहिलं. ती कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. तिने उलट लिहिलं: तुम्ही त्याला ओळखत होता, आर्मीने मला दोन ओळी पाठवल्यात, तो कसा गेला ते कृपा करून सांगा, माझ्या आईला झोप येत नाही. तीन पत्रं. त्याने एकालाही उत्तर दिलं नाही.

मला काय वाटलं ते लिहायला मला जमणार नाही. मला शेत आठवलं. गव्हात उभं राहून टाळी वाजवणारा मी आठवलो. मी म्हटलं, "नकुल, त्या दिवशी शेतात मी..."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"मी विचारलंही नाही."

"विचारलंत की. मला ऐकू नाही आला." आणि तो हसला, अगदी थोडा. मग रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. सायकलींवाली गाडी निघून गेली, तिच्या जागी दुसरी आली. मग त्याने पराठा मागून घेतला, अर्धा खाल्ला आणि म्हणाला, चला.

मी त्याला विचारलं, हे तिला सांगितल्यावर काय होईल याचा विचार केलायस का? रेजिमेंट आहे, कायदा आहे. सार्जंट आहे. मी बाप म्हणून विचारलं. न जाण्याचं काही कारण मिळालं असतं तर मला हवंच होतं, हे इथे खरं लिहितो. तो म्हणाला, "केलाय. आधी तिला. मग त्यांना. उलटा नाही."

कार्डिफमध्ये एका रांगेतल्या घरांपैकी एक, हिरव्या दाराचं. दार उघडणारी मुलगी तिशीची, हॉस्पिटलचं ओळखपत्र अजून गळ्यात. नकुलने मला गाडीतच थांबायला सांगितलं होतं. दार लागलं. मी घड्याळ लावून बसलो, सवयीने. पंधरा मिनिटांनी आतून एक आवाज आला, किंचाळी नव्हे, काहीतरी जड खाली ठेवल्यासारखा. मी उतरलो आणि पुन्हा बसलो. चाळीस मिनिटांनी दार उघडलं आणि ती एकटीच गाडीशी आली. मी काच खाली केली.

"तुम्ही त्याचे वडील?"

"हो."

"आत या. त्याला उठता येत नाहीये." डोळे कोरडे होते आणि आवाज अगदी सपाट. "मी त्याला माफ केलेलं नाही. हे तुम्हाला आत येण्याआधी माहीत असावं."

मी म्हटलं, मी समजू शकतो. ती म्हणाली, "नाही. पण या."

नकुल सोफ्याच्या कडेवर बसला होता, हात गुडघ्यांवर. खुर्ची आडवी पडलेली होती. ती उचलून ठेवण्याचं कुणाला सुचलं नव्हतं, मी ठेवली. भिंतीवर हैदरचा फोटो. फडकं नसलेला. कान थोडे पुढे आलेले, शाळकरी हसू. मी एकतीस वर्षं कान पाहिले, पण हे कान मी विसरणार नाही.

सारा म्हणाली, "सहा महिने मी प्रत्येक पोलिसाचा तिरस्कार केला. दोन्ही ठाण्यांतल्या. माझा एक मावसभाऊ त्यांतल्या एका ठाण्यात होता. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. त्याने सांगितलं होतं, मी त्या दिवशी ड्यूटीवरच नव्हतो, आणि मी विश्वास ठेवला नाही." मग तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "आता मी त्याला फोन करणार आहे. तुम्ही गेल्यावर."

दारात नकुल तिला म्हणाला, की तो हेच रेजिमेंटला लेखी देणार आहे, आणि तिला काही विचारायचं असेल तर केव्हाही विचारावं. तिने मान हलवली. दार लावलं, पण आपटलं नाही.

परत येताना पूल लागले. त्याने मान खाली घातली. या वेळी किती वेळा ते मी मोजलं नाही.

८ एप्रिल, रविवार

मधूला सांगायला लागलो तर म्हणाली, मला माहीत आहे. केव्हापासून? "त्याने सांगितलं नाही. पण तो घरी आला त्याच दिवशी मला कळलं, की त्याच्या हातून कुणीतरी गेलंय. कोण ते माहीत नव्हतं." मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुम्ही त्याच्याशी थॉमसविषयी बोलत होतात. तेवढं एक चाललं होतं. ते मला बंद पाडायचं नव्हतं."

२५ एप्रिल, बुधवार

नकुलने जबानी दिली. मिलिटरी पोलीस आले होते, दोघे, अत्यंत सभ्य. आमच्याच डायनिंग टेबलावर चार तास. वकील होता. मी वरच्या मजल्यावर थांबलो. पुढे काय होईल ते वकिलालाही ठाऊक नाही. कदाचित काही नाही, कदाचित कोर्ट. सार्जंटचा रात्री फोन आला होता, तो नकुलने घेतला नाही. सकाळी मात्र त्याला स्वतः फोन केला आणि म्हणाला, मी तुझं नाव घेतलं आहे, तुला माझ्याकडून कळावं म्हणून सांगतोय. पलीकडून काय उत्तर आलं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हल्ली मी विचारण्याआधी थोडा थांबतो.

आर्मी सोडायची की नाही ते बोर्डानंतर.

२२ मे, मंगळवार

थॉमस गॅडस्बीचं काम पूर्ण करून डोरीनबाईंना दिलं. टिपांमध्ये पिस्तुलाविषयी लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, तुम्हाला काही निष्कर्ष काढायचाय का? म्हटलं, नाही, त्याने जेवढं सांगितलं तेवढंच असू दे. पुढचा गठ्ठा चोरीला गेलेल्या मेंढ्यांचा आहे. बरं वाटलं.

२ जून, शनिवार

साराचं पत्र आलं. नकुलने ते नाश्त्याच्या टेबलावर, आम्हा दोघांसमोर उघडलं. एकच पान.

तिने आईला सांगितलं. आई आता दमास्कसमध्ये मामाकडे आहे. तीन दिवस आई काही बोलली नाही. मग तिने साराला फोन केला आणि म्हणाली, त्या मुलाला माझा एक प्रश्न विचार. बाकी मला काही नको, तो एक विचार. साराने खाली लिहिलं होतं: मला हा प्रश्न विचारायचा नव्हता, पण तिच्यासाठी विचारते आहे.

प्रश्न असा: त्या दिवशी सकाळी तो जेवला होता का?

नकुलने पत्र खाली ठेवलं. मधू उठली आणि त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

"आठवतं?" तिने विचारलं.

"हो."

तो वर जाऊन वही घेऊन आला आणि इथेच, आमच्यात बसून लिहायला लागला. इंग्रजीत, सोप्या शब्दांत, म्हणजे साराला भाषांतर करता येईल. मी पाहू नये म्हणून दुसरीकडे पाहत होतो, पण त्याने कागद माझ्याकडे सरकवला, स्पेलिंग बघा म्हणाला.

त्याने लिहिलं होतं: हो. सातला आम्ही गाडीच्या सावलीत बसलो होतो. त्याने दोन अंडी खाल्ली, टोमॅटो घालून केलेली, आणि पाव. पाव कोपऱ्यावरच्या दुकानातला होता, गरम होता. चहात चार चमचे साखर. मी त्याला म्हटलं, तुझे दात पडतील. तो म्हणाला, माझ्या आईसारखंच बोलतोस.